पोटातले वीस फूट



आमच्या शेजारी एक खलाशी राहतो. करंज्याच्या बोटीवर जाणारा धट्टाकट्टा गडी. मागच्या वर्षी तो वाळत चालला. जेवला की पोटात उजवीकडे खाली कळ यायची. ओवा झाला, हिंग झाला, दृष्ट काढून झाली. आम्हीही "पित्त असेल" म्हणालो. ते आमचे चुकलेच.

लहान आतडे सुमारे वीस फूट लांब असते. होडीत गुंडाळलेल्या दोरासारखे ते पोटात वेटोळे घालून बसते. तोंडातून दुर्बीण घातली तर ती सुरुवातीचा भाग दाखवते. खालून घातली तर शेवटचा थोडा. मधले सगळे राहूनच जाते. ते पाहायला एमआरआय नावाचे यंत्र आहे. त्यात क्ष-किरण नसतात, मोठे लोहचुंबक असते.

डॉक्टरांनी तो फोटो काढायला सांगितला. मोऱ्याहून लाँचने मुंबईस गेलो. ओहोटीमुळे लाँच खोळंबली, तो भाग वेगळा. गड्याला सकाळपासून उपाशी ठेवले होते. मग तासाभरात दीड लिटर गोडसर पाणी पाजले. का? रिकामी पिशवी चपटी पडते, तिचे आतले काही दिसत नाही. भरली की दिसते. आतड्याचेही तसेच. आतडे हलू नये म्हणून सुई टोचली. यंत्रात ठणठण आवाज होतो. सांगतील तेव्हा श्वास रोखायचा. दुखत नाही.

ताईत, अंगठी, करदोडा सगळे बाहेर ठेवावे लागते. फोटो निघत नसला तरी चुंबक चालूच असतो. २०१८ साली मुंबईच्या नायर रुग्णालयात एक माणूस ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला. चुंबकाने सिलिंडर ओढला, त्याच्यासकट. तो प्राणास मुकला. हृदयाला यंत्र बसवले असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल, तर आधी सांगावे.

फोटोत आतड्याचे शेवटचे टोक जाड व अरुंद दिसले. असे क्षयाने होते, तसेच क्रोन नावाच्या आजारानेही होते. नुसत्या फोटोवरून नेहमी ओळखता येत नाही, आणि दोन्हींची औषधे निराळी. म्हणून दुर्बिणीने तुकडा काढून तपासला. क्षय निघाला. पोटातही क्षय होतो, हे आम्हांला तेव्हा कळले!

गोळ्या सहा महिन्यांच्या आहेत. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. चार महिने झाले, कळ थांबली, अंग भरले. आता गडी म्हणतो, "गुरुजी, बरा झालो, गोळ्या कशाला?" म्हणून रोज सकाळी आम्ही त्याच्या ओटीवर जाऊन बसतो. गोळी गिळलेली पाहतो, मगच चहा घेतो.