आधी कान, मग पान

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषयही तेच सुचवला आहे : 'नातवंडांसाठी काहीतरी सांगा.' आपल्या तुकडीतले बहुतेक जण आता आजी-आजोबा झालेत, म्हणून असेल. मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये पहिली-दुसरीला शिकवलं, तेही बहुतेक आपल्याच तालुक्यात. त्यामुळे मोठ्या माणसांसमोर बोलायची मला फारशी सवय नाही. मध्येच कुणाला 'बोट तोंडावर' म्हणाले तर राग मानू नका.

सकाळपासून चहाच्या टेबलाजवळ तिघांनी मला एकच गोष्ट विचारली. "आमचा नातू सगळी अक्षरं ओळखतो, पण वाचत का नाही?" नातू वेगवेगळे, शाळा वेगवेगळ्या, एक इंग्रजी माध्यमात, एक मराठी, एक तर पार बंगळुरूला. तक्रार मात्र एकच. मी आज त्याच प्रश्नाला धरून बोलणार आहे, आणि माझं उत्तर आहे यमकांचे खेळ.

चार वर्षांच्या मुलाला विचारा, "माळ, यासारखा दुसरा शब्द सांग." ते म्हणेल, "मोती." चूक नाही त्याची. त्याच्या डोळ्यांसमोर वस्तू आली, तो शब्द त्याने ऐकलाच नाही. काही दिवसांनी तेच मूल म्हणतं, "बाळ!" आणि आपण काय केलं ते न कळता हसतं. त्या क्षणी एक मोठी गोष्ट घडलेली असते. शब्दाला अर्थाशिवाय एक आवाजही असतो, आणि त्या आवाजाचे तुकडे पडतात, हे त्याला उमगलेलं असतं. अक्षर म्हणजे त्या तुकड्याचंच चित्र. तुकडाच ऐकू आला नाही, तर त्याचं चित्र पाठ करून उपयोग काय?

ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट या संशोधकांनी १९८३ साली 'नेचर' या नियतकालिकात हेच मांडलं. चार-पाच वर्षांच्या मुलांना ते तीन-चार शब्द ऐकवत आणि त्यातला न जुळणारा शब्द ओळखायला सांगत. ज्यांना तो ओळखता आला, ती मुलं पुढे काही वर्षांनी वाचनात पुढे दिसली. काही मुलांना त्यांनी मुद्दाम आवाजांचे खेळ दिले. नुसत्या आवाजांनी थोडा फरक पडला, पण आवाजांबरोबर हातात प्लॅस्टिकची अक्षरंही दिली, त्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. म्हणजे यमक ही जादूची कांडी नाही. अक्षरं शिकवावीच लागतात. पण कान तयार असला की अक्षरं पटकन जागेवर बसतात.

मराठीत तर हे फार सोयीचं आहे. 'माळ' वाचता आलं की पहिलं अक्षर बदलून काळ, गाळ, जाळ, टाळ, नाळ, फाळ, बाळ, साळ असे आठ शब्द जवळजवळ फुकट मिळतात. काना तोच, ळ तोच. 'धूळ' आली की मूळ, खूळ, चूळ येतात. वही रिकामी ठेवूनही अर्धं वाचन होतं ते असं.

आणि हे काही परदेशातून आणायची गरज नाही. आपल्या शेजारच्या नेवाशात, प्रवरेच्या काठी, शके १२१२ म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ती ओवीत. ओवीची बांधणी आठवा : पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक आणि चौथा चरण आखूड, मोकळा. जात्यावर बसणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ओवी जुळवताना त्यांचा कान चुकत नसे. लग्नात उखाणा घेताना नवऱ्याच्या नावाला जुळणारा शब्द ऐनवेळी शोधायचा, हाही तोच अभ्यास. आपल्या वर्गातल्या मुलींनी तो केलाय, मुलांनी फक्त टाळ्या वाजवल्यात.

ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ सुरू केला आणि पुढे १९४५ पासून बोर्डीला, नंतर कोसबाडला अनुताई वाघ यांच्याबरोबर गरिबांच्या मुलांची बालवाडी उभी केली. पानं, बिया, शिंपले, जे अंगणात सापडेल ते त्यांचं साहित्य. आपल्या खेळांनाही एवढंच लागतं. यमकांना तर तेवढंही लागत नाही.

आता खेळ सांगते. लिहून घ्यायची गरज नाही, स्मरणिकेत छापणार आहेत.

पहिला 'बि'चा खेळ. हा आपण सगळे रोज खेळतो, फक्त माहीत नसतं. "चहा-बिहा घेणार का?" "शाळा-बिळा काही आहे का नाही?" काय केलं आपण? शब्दाचा पहिला तुकडा काढला, तिथे 'बि' बसवला आणि उरलेला तसाच ठेवला. तीन-साडेतीन वर्षांचं मराठी मूल हे न शिकवता करतं. मग त्याचा खेळ करायचा. आपण म्हणायचं 'दप्तर', त्याने म्हणायचं 'बिप्तर'. पुस्तक-बिस्तक, पाऊस-बिऊस, आजी-बिजी. मग एखाद्या दिवशी हळूच 'बिस्कीट' टाकायचं आणि बघायचं काय होतं. माझ्या वर्गात यावर दहा मिनिटं चर्चा चालली आणि शेवटी 'फिस्कीट' ठरलं. शब्द कापता येतो, हे कळायला याहून सोपा रस्ता मला सापडला नाही.

दुसरा अंगाचा खेळ. मुलं उभी करायची. आपण शब्द म्हणायचा, मुलांनी त्याला जुळणाऱ्या अवयवाला हात लावायचा. 'गोळा' म्हटलं की डोळा. 'चाक' म्हटलं की नाक. 'गाय' म्हटलं की पाय, 'शाल' म्हटलं की गाल. 'भात' म्हटलं की काही जण दात दाखवतात, काही हात वर करतात, आणि भांडण लागतं. लागू द्या. दोन्ही बरोबर आहेत, हे मुलांनीच एकमेकांना पटवायचं असतं. 'पान' म्हटलं की कानाचं आणि मानेचं असंच होतं. 'कोट' म्हटल्यावर पोट आणि बोट बरोबर. एखादं मूल ओठाला हात लावतं. तेव्हा नाही म्हणू नका. दोन्ही शब्द सावकाश म्हणायला लावा : कोट, ओठ. ट आणि ठ यांतला फरक ते स्वतः पकडतं.

तिसरा उसाचा खेळ. आपल्या भागात हे सांगायला चित्र लागत नाही. जमिनीवर खडूने ऊस काढायचा. एक शब्द म्हणजे एक पेर. पहिला म्हणतो 'पोळी', पुढचा 'गोळी', मग होळी, झोळी, चोळी, टोळी. ज्याच्यापाशी शब्द अडला तिथे ऊस तोडायचा आणि नवा लावायचा. कोणी बाद होत नाही, हा यातला सर्वांत महत्त्वाचा नियम. बाद झालेलं मूल बसून राहतं, आणि ज्याला सरावाची गरज असते तेच नेमकं बाद होतं.

इथे एक आठवण सांगते. गाळप हंगामात बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या आणि कोप्यांवरची काही मुलं तीन-चार महिने आमच्या वर्गात बसायची. त्यातला एक मुलगा तीन आठवडे एक अक्षर बोलला नव्हता. उसाचा खेळ 'पोळी'वर चालला होता, टोळीपाशी सगळे अडले. मागून आवाज आला, "मोळी." पुढच्या दिवशी 'माळ' होता, तर तो म्हणाला 'फाळ'. वर्गातली गावातली मुलं हसली, असा शब्दच नसतो म्हणाली. मी त्यालाच पुढे बोलावून नांगराचा फाळ काढायला सांगितला. त्याने फळ्यावर अख्खा नांगर काढला. त्या दिवसापासून शब्द अडला की मुलं मागे वळून त्याच्याकडे बघायची. मार्चअखेर पट्टा पडला, टोळी गावी निघाली आणि तोही गेला. जाताना पोळी-मोळीचा ऊस त्याला बोट ठेवून वाचता येत होता. पुढचं मला माहीत नाही. पण ज्या मुलाकडे पुस्तक नाही, त्याच्याकडे शब्द नाहीत असं समजू नये, एवढं मी त्यानंतर प्रत्येक नव्या शिक्षिकेला सांगत आले.

याला जोडूनच दुसरी गोष्ट. मूल 'पानी' म्हणालं आणि त्याला 'रानी' जुळवलं, तर खेळात ते शंभर टक्के बरोबर आहे. यमक कानाचं असतं. त्याच वेळी "पानी नाही, पाणी म्हण" असं टोकलं की यमकही जातं आणि मूलही गप्प होतं. ण आणि न पुढे छापील पानावर भेटतो, वाचता वाचता बसतो. पण गप्प झालेलं मूल पुन्हा बोलतं करायला वर्ष जातं. आपल्या गावात घरी हिंदी-उर्दू बोलणारी, मारवाडी बोलणारी मुलं भरपूर. त्यांना ळ अवघड जातो. त्यांच्यासाठी मी जोड्यांचा खेळ घेत असे : काळ-काल, गाळ-गाल, वेळ-वेल, मूळ-मूल. गालाला हात लावायचा की चिखल दाखवायचा? हसत हसत दोन आवाज वेगळे होतात, चूक दाखवावी लागत नाही.

मोठ्या मुलांसाठी तालुक्यांचा खेळ आहे. आपल्या जिल्ह्यात १४ तालुके. त्यात जुळणारी नावं शोधा. संगमनेर-पारनेर, कोपरगाव-शेवगाव. मग एखादा चौकस विचारतोच, "बाई, श्रीरामपूर आणि बेलापूर?" आपल्या स्टेशनावर वर्षानुवर्षं बेलापूरचीच पाटी, त्यामुळे हा प्रश्न इथे यायचाच. शेवटी 'पूर' हाच शब्द दोनदा आला, तर ते यमक की नुसती पुनरुक्ती? दुसरी-तिसरीची मुलं यावर तावातावाने बोलतात. उत्तर मी आजवर दिलेलं नाही, तुम्हालाही देणार नाही.

घरी वेगळा वेळ काढायची गरज नाही. ताट वाढताना ताक-हाक-चाक, तूप-खूप-धूप, दही-वही-सही. फक्त यमक सांगितलं तरच तूप, असं कधी करू नका. जेवण बक्षीस नाही. दिवसातून दहा मिनिटं पुरतात, आणि मूल कंटाळायच्या आधी खेळ थांबवायचा. मूल अर्थ नसलेला शब्द जुळवेल, तोही घ्या. अर्थ आपण नंतर शोधू. नातवंडं लांब असतील तर रात्रीच्या फोनवर एक शब्द तुमचा, एक त्यांचा. इंग्रजी शाळेतल्या मुलांचंही यात नुकसान नाही. मराठीत आवाज वेचायला शिकलेला कान इंग्रजी तासाला घरी राहत नाही.

एक सूचना तेवढी गंभीरपणे घ्या. साडेपाच-सहा वर्षांच्या मुलाला बरेच आठवडे खेळूनही गाय-पाय जुळतं हे कळत नसेल, तर त्याला रागावण्याआधी त्याचे कान तपासून घ्या. सततची सर्दी, कान वाहणं यांनी ऐकू कमी येतं आणि आपण त्याला 'लक्ष नाही' म्हणतो.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू केलं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हे त्याचं उद्दिष्ट, आणि मुदत २०२६-२७. शिक्षक त्यांचं काम करताहेत. पण पहिलीत येणाऱ्या मुलाचा कान त्याआधी पाच-सहा वर्षं आपल्या घरात असतो, आपल्या मांडीवर असतो. शेजारीपाजारी, उरलंसुरलं, अघळपघळ, किडूकमिडूक असे जुळे शब्द आपण सहज बोलतो. पुढच्या पिढीच्या कानावर ते आपणच घातले नाहीत, तर कोण घालणार?

चहानंतर ज्यांनी नातवंडं आणली आहेत, त्यांनी आपल्या जुन्या चौथीच्या वर्गात यावं. मी खडू घेऊन आले आहे. आजी-आजोबांनाही खेळावं लागेल, आणि 'भात' म्हटल्यावर दात दाखवताना कवळी सांभाळावी, एवढीच विनंती. आपण मला शांतपणे ऐकलंत, एकदाही बोट तोंडावर म्हणावं लागलं नाही, याबद्दल आभार.