आधी माणूस बसवा

मला दहा मिनिटं मिळाली आहेत आणि विषय मिळालाय ‘उतारवयातला प्रवास’. विषय ऐसपैस आहे, पण मी बोलणार आहे फक्त गाडीच्या सीटवर, म्हणजे सीट जमिनीपासून किती उंच असावी यावर. स्टुडिओच्या काचेपलीकडच्या बाई हसल्या. हसू देत. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला आहे, मला सवय आहे.

मारुती ८०० म्हणजे काय होतं हे रत्नागिरीकरांना सांगायला नको. डिसेंबर १९८३ मध्ये इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली ग्राहकाच्या हातात दिली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत मास्तर, पोस्टमास्तर, आंबा बागायतदार, सगळ्यांच्या दारात ती आली. आमच्याही आली. पांढरी, एमएच झिरो आठ. ह्यांनी ती कुणाला धुवायला दिली नाही, चालवायला तर नाहीच. आंबा घाटातून कोल्हापूर, हातखंब्यावरून मुंबई, मागच्या सीटवर हापूसच्या पेट्या आणि पेट्यांच्या मध्ये मी. मे महिन्यात त्या गाडीतून उतरलेल्या माणसाच्या कपड्यांनाही पेंढ्याचा आणि आंब्याचा वास यायचा. अशा गाडीवर माणसाचा जीव जडतो, त्यात काही चूक नाही.

पण मग गुडघे जातात. पाठोपाठ कंबरेचं ऑपरेशन होतं. आणि एके दिवशी घरातला माणूस म्हणायला लागतो, “तुम्ही जाऊन या, मी घर राखतो.”

हे वाक्य नीट ऐका. मी पुन्हा म्हणते, तुम्ही जाऊन या, मी घर राखतो. गणपतीत भावाकडे आरतीला जायचं तर घर राखतो. पावसला स्वामींच्या मठात जायचं तर घर राखतो. आपल्याला वाटतं, वय झालं, उमेद गेली. डॉक्टरांकडे नेऊन भूक लागते का, झोप येते का विचारतो. उमेद कुठे जात नाही हो! त्या माणसाला गाडीत बसायची धास्ती वाटते, आणि ते सांगायची लाज वाटते. त्यातून गाडी त्याची स्वतःची, लाडकी. तिच्याविरुद्ध साक्ष कोण देणार?

मला हे कळलं रिक्षामुळे. ह्यांना मारुती मंदिरापासून घरी यायला रिक्षा चालायची. दांडीला धरलं, पाय टाकला, बसले. आणि गाडीत बसताना मात्र कपाळावर घाम. माणूस तोच, गुडघे तेच, मग फरक कशात? फरक बैठकीत.

आपलं कोकणातलं घर डोळ्यांसमोर आणा. घरात बसायच्या तीन जागा असतात. पाट, ओटा आणि माळा. माळ्यावर कुणी बसत नाही म्हणाल, पण पोरं बसतात, असू दे. पाटावर बसायचं तर गुडघे पूर्ण मोडावे लागतात, उठताना जमिनीला हात टेकावा लागतो. ओट्याच्या कडेला मात्र नव्वदीची आजीसुद्धा सहज टेकते. पाय जमिनीवर, मांड्या आडव्या, उठताना नुसतं पुढे झुकलं की झालं. आणि माळ्यावर जायला शिडी लागते. जुनी ८०० म्हणजे पाट. तिची टपापर्यंतची उंची १४०५ मिलिमीटर, साडेचार फुटांच्या किंचित वर. आत सीटला जागा उरणार किती? आज रस्त्यावर दिसतात त्यातल्या काही दांडग्या गाड्या म्हणजे माळा. मुलगा पुण्याहून हौसेने घेऊन येतो, “बाबा, खड्डे लागणार नाहीत.” नाही लागणार, पण बाबा चढणार कसे? आपल्याला हवा आहे ओटा. वॅगन आर १९९९ मध्ये आली तेव्हा लोकांनी तिला खोका म्हणून नाकं मुरडली होती. आत्ताच्या वॅगन आरची उंची १६७५ मिलिमीटर, ८०० पेक्षा वीतभर आणि वर दोन बोटं जास्त. मी त्या कंपनीची एजंट नाही! दुसऱ्या कंपन्यांच्याही उंच टपाच्या लहान गाड्या आहेत. ओटा कुठलाही चालेल, पण ओटा हवा.

कंबरेचा सांधा बदलला की डॉक्टर बजावतात, निदान सुरुवातीचे काही महिने, की बसताना गुडघा कंबरेच्या वर जाता कामा नये. पाटावर बसलात की गुडघा वर जाणारच. म्हणजे हे माझं खूळ नाही.

आता काय करायचं? आपला माणूस घरातल्या ज्या खुर्चीवरून कुणाच्या हाताशिवाय उठतो, त्या खुर्चीची उंची टेपने मोजा. साध्या खुर्चीची अठरा इंचांच्या आसपास भरते. तेवढी किंवा थोडी जास्त उंच सीट शोधा. आणि मोजताना सीटवर कुणाला तरी बसवा, कारण सीट दबते. शोरूममधले पोरगे मला मायलेज सांगत होते, पडद्याची साइज सांगत होते, सीटची उंची विचारली तर एकमेकांकडे बघायला लागले. त्यांचा दोष नाही. कुणी विचारतच नाही. चार पुरुषमाणसं जातात, टायरला लाथ मारतात, रंग ठरवून येतात. ज्याला बसायचंय तो घर राखतोय!

म्हणून म्हणते, आधी माणूस बसवा, मग गाडी ठरवा. त्याला घेऊन जा. एकदा नाही, दोनदा बसवा आणि दोनदा उतरवा. उतरणं बसण्यापेक्षा अवघड असतं. शोरूमची फरशी सपाट असते, आपली आळी नसते. गाडी घरी मागवा, जांभ्याच्या उतारावर, गटाराशेजारी, जिथे रोज उभी राहणार तिथे दार उघडून बघा.

अजून एक. मायलेजच्या मोहात सीएनजी घ्याल तर आधी डिकी उघडा. पुष्कळ गाड्यांत टाकीने सगळी जागा खाल्लेली असते. मग वॉकर कुठे, घडीची व्हीलचेअर कुठे? मांडीवर? तसंच ऑटोमॅटिकचं. लोक म्हणतात, आम्ही ऑटोमॅटिक घेतली, आता काळजी नाही. अहो, क्लच चालवणाऱ्याचा गेला. शेजारी बसणाऱ्याला त्याचा काय उपयोग? मला उपयोग झाला, कारण आता मी चालवते आणि हे शेजारी बसून ब्रेक दाबतात, नसलेला. त्या भांडणांवर स्वतंत्र भाषण होईल.

जपानमध्ये सीट बाहेर वळून खाली येते अशा गाड्या थेट कारखान्यातूनच मिळतात. आपल्याकडेही डिसेंबर २०२५ मध्ये मारुतीने वॅगन आरला बाहेरच्या बाजूला वळणारी सीट बसवून द्यायला सुरुवात केली आहे, पण मोजक्या शहरांत. रत्नागिरीकरांनी चौकशी तरी करावी. मागणीच नसेल तर आपल्यापर्यंत कशाला कोण आणेल? सरकारचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. आणि पंधरा वर्षं झालेल्या गाडीच्या नोंदणीचं जे आरटीओत... बाई दोन बोटं दाखवताहेत. दोन मिनिटं. तर ते राहू द्या.

जुनी गाडी विकायचीच असं मी म्हणत नाही. जागा असेल तर ठेवा. आमच्याकडे अजून आहे, हे रोज सकाळी जाऊन काच पुसतात. पण तिच्या प्रेमापायी माणूस घरात बसवून ठेवू नका, एवढंच. आणि “काय करायचीय नवी गाडी, माझं आता राहिलंय किती,” असं तो म्हणेल. म्हणू द्या. शोरूमला न्या. आधी माणूस बसवा...

हो, हो, आटपते. बसायची रीत तेवढी सांगते. एक पाय आत टाकून डोकं घुसवायचं नाही. गाडीकडे पाठ करायची, सीटची कड मांडीच्या मागे लागेपर्यंत मागे सरकायचं, मग टेकायचं, आणि दोन्ही पाय एकत्र उचलून आत घ्यायचे. सीटचं कापड खरखरीत असेल तर वर प्लास्टिकची पिशवी पसरा, अंग सहज वळतं. गाडी सुरू करण्याआधी ती काढा, नाहीतर ब्रेक लागला की माणूस घसरेल. काखेत हात घालून ओढू नका, खांदा दुखावतो. आणि लटकत्या दाराचा आधार तर मुळीच देऊ नका, दार हलतं. आधार द्यायचा तो... वेळ संपली म्हणतात.