टक्के कुणाचे?



31 डिसेंबर 2005 च्या दुपारी ह्यूस्टनमध्ये सर्जन मायकेल डिबेकी घरी एकटेच व्याख्यानाची तयारी करत बसले होते. वय 97. अचानक छातीत आणि पाठीत, दोन्ही फऱ्यांच्या मधोमध, जीवघेणी कळ आली. महाधमनीचं अस्तर फाटलं असणार, हे त्यांनी स्वतःच ओळखलं. या आजारावरचं ऑपरेशन रुळवणाऱ्यांत तेच अग्रणी होते आणि त्याच्या प्रकारांचं वर्गीकरणही त्यांच्याच नावाने चालतं. तरीही ऑपरेशनला ते ‘नको’ म्हणाले. फेब्रुवारीत शुद्ध हरपू लागली. आता ऑपरेशन करावं का, हा प्रश्न उभा राहिला, तर हॉस्पिटलच्या भूलतज्ज्ञांनी अंग काढून घेतलं. नीतिसमिती रात्री बसली आणि पत्नी कॅट्रिन थेट त्या बैठकीत शिरल्या. शेवटी जुने सहकारी जॉर्ज नून यांनी सुमारे सात तास ऑपरेशन केलं. पुढे कित्येक महिने हॉस्पिटलात मुक्काम आणि दहा लाख डॉलरच्या वर बिल. पण डिबेकी उठले, पुन्हा कामावर गेले आणि 2008 च्या जुलैमध्ये, 99 व्या वर्षी वारले.

वय म्हणजे नुसता आकडा, हे पटवायला ही गोष्ट परिषदांमधून हमखास सांगितली जाते. ती त्यासाठी सांगू नये. तिच्यात एकाच पेशंटचं नशीब आहे, आणि त्याच्या दिमतीला एक अख्खं हॉस्पिटल आहे.

ओटीच्या बाहेर उभे असलेले नातेवाईक एकच विचारतात: ‘डॉक्टर, किती टक्के?’ उत्तर म्हणून पाठ असलेला आकडा दिला जातो आणि ‘हाय रिस्क कन्सेंट’वर सही घेतली जाते. साठीचा धडधाकट शेतकरी असो की डायलिसिसवरची आजी, फॉर्मवरचा मजकूर बहुतेक वेळा तोच. आजचं सगळं म्हणणं या फॉर्मबद्दल आहे.

पोटातल्या महाधमनीला आलेला फुगा घ्या. ब्रिटनमध्ये ‘एव्हार-1’ चाचणीत दोन्ही प्रकारचं ऑपरेशन झेपेल अशा 1082 जणांची पाहणी झाली. पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर 30 दिवसांत 4.7 टक्के दगावले. जांघेतून आत स्टेंट-ग्राफ्ट बसवलेल्यांत 1.7 टक्के. 2004 साली हे छापून आलं तेव्हा सुया-टाके आता संपले, असंच अनेकांना वाटलं. पण त्याच मंडळींनी ‘एव्हार-2’मध्ये हृदय, फुप्फुसं किंवा मूत्रपिंडं साथ न देणारे 338 पेशंट घेतले. तिथे तोच स्टेंट-ग्राफ्ट बसवल्यावर 30 दिवसांतले मृत्यू 9 टक्क्यांवर गेले आणि चार वर्षांनी पाहिलं तर काहीच न केलेल्यांपेक्षा हे लोक जास्त जगले नव्हते. ज्यांच्यासाठी ‘छोटं’ ऑपरेशन काढलं, त्यांनाच ते सर्वांत कमी उपयोगी पडलं! धडधाकट गटातही सुरुवातीचा फायदा पुढे विरला आणि आठ वर्षांनंतर पोट उघडून केलेलं ऑपरेशनच सरस ठरलं.

या फुग्याच्या बाबतीत बायकांची स्थिती आणखी वाईट. त्यांना तो कमी वेळा होतो, पण झालाच तर त्याच मापाचा फुगा फुटण्याची शक्यता पुरुषांच्या तिप्पट-चौपट. ऑपरेशनसाठी 5.5 सेंटिमीटरची रेघ मुख्यतः पुरुषांवरच्या अभ्यासातून आखली गेली. सोनोग्राफीने फुगा आधीच शोधण्याच्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत तर एकही बाई नव्हती. 2017 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला गेला. उघड्या ऑपरेशननंतर 30 दिवसांत पुरुष 2.8 टक्के दगावले, बायका 5.4 टक्के. बायकांच्या धमन्या अरुंद, फुग्याची मान आखूड आणि वाकडी, त्यामुळे स्टेंट-ग्राफ्ट अनेकींना बसतच नाही. तो पुरुषी मापात बेतला गेला, असं कुणी म्हटलं तर रागावण्याचं कारण नाही.

आता पाय. आपल्याकडे रोजची लढाई इथेच असते. जुना मधुमेह असलेल्याला पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही. जखम दुखत नाही, म्हणून बोट काळं पडल्यावरच तो येतो. घोट्याला पट्टा बांधून प्रेशर पाहावं तर तेही फसवं, कारण चुना साचलेली धमनी दबत नाही आणि आकडा झकास येतो. म्हणून अंगठ्याचं प्रेशर बघावं लागतं.

मग पायाच्या बंद पडलेल्या धमनीसाठी बायपास की अँजिओप्लास्टी? 2022 मध्ये ‘बेस्ट-सीएलआय’ चाचणीने सांगितलं की मांडीची शीर चांगली असेल तर बायपास सरस: मृत्यू किंवा पायावर मोठं संकट बायपासमध्ये 42.6 टक्के, अँजिओप्लास्टीत 57.4. पुढच्याच वर्षी ‘बेसिल-2’ने गुडघ्याखालच्या आजारात नेमकं उलटं सांगितलं. तिथे पाय गमावलेले किंवा दगावलेले बायपासनंतर 63 टक्के, अँजिओप्लास्टीनंतर 53. यावर दोन तट पडले आणि भांडण अजून चालू आहे. पण दोन्ही चाचण्यांतले पेशंट, त्यांचा आजार आणि शिरा सारख्या नव्हत्या, हे भांडणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही.

याहून वेगळा गट बर्गर डिसीजचा. तिशी-पस्तिशीचा, बिडी ओढणारा किंवा तंबाखू मळणारा गडी. बायपास जोडायला पायात खाली बहुधा चांगली धमनीच उरलेली नसते. तंबाखू पूर्ण सुटली तर पाय बहुतेकदा वाचतो. दिवसाला एक बिडी चालू ठेवली तरी आजार सरकत राहतो. इथे सर्जनपेक्षा व्यसन सोडवणाऱ्याची गरज जास्त असते आणि तो माणूस आपल्या वॉर्डात क्वचितच दिसतो.

तेव्हा अध्यक्ष या नात्याने एवढीच सूचना आहे. प्रत्येक विभागाने आपल्या ऑपरेशनांची नोंद वय, स्त्री-पुरुष, मधुमेह, क्रिएटिनिन, तंबाखू आणि शिरेची सोनोग्राफी अशा रकान्यांत ठेवावी, 30 दिवसांनी आणि वर्षाने पेशंटला फोन करावा, आणि कन्सेंटच्या फॉर्मवर टक्क्यांची जागा कोरी ठेवून ती त्या त्या पेशंटच्या गटाप्रमाणे हाताने भरावी.