अगारवरचं कडं

प्रथेप्रमाणे अध्यक्षाने वर्षभरातल्या संशोधनाचा आढावा घ्यायचा असतो. तो स्मरणिकेत छापला आहे, सवडीने वाचा. मला बऱ्याच वर्षांपासून एक गोष्ट बोलायची आहे आणि आज माइक माझ्यासमोर आहे.

वनस्पतींच्या सुगंधी तेलांवरचे निबंध ऐकून माझे कान किटले आहेत. लवंग, दालचिनी, तुळस, गवती चहा, ओवा. तेल बदलतं, निबंध तोच. अगारवर दात किडवणारा स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स पसरायचा, तेलात भिजवलेली कागदाची चकती ठेवायची, २४ तासांनी तिच्याभोवतीचं मोकळं कडं पट्टीने मोजायचं आणि खाली लिहायचं, दंतक्षयावर प्रभावी उपाय! अहो, तुम्हाला सापडलं ते कडं.

तेही विश्वासाचं नाही. तेल पाण्यात विरघळत नाही म्हणून अगारमध्ये धड पसरत नाही, शिवाय उडून जातं. दोन तेलांच्या कड्यांची तुलना करायची कशी? आणि तोंडात हा जंतू असा सुटा थोडाच सापडतो! साखरेपासून तो चिकट ग्लुकन तयार करतो, दाताला धरून प्लाकचा थर रचतो आणि त्या थराखाली आम्ल साठतं. पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागतं. चूळ तोंडात राहते अर्धा मिनिट, उरलंसुरलं लाळ धुऊन नेते.

लवंग श्रेष्ठ की दालचिनी, असा वाद काल जेवताना रंगला होता, तेव्हा मला एक रुग्ण आठवली. माझा दवाखाना ऊसपट्ट्यातल्या तालुक्याच्या गावी. गाळप हंगामात तोडणीच्या टोळ्यांतली माणसं येतात. एक मावशी आल्या, दाढेत लवंगेच्या तेलाचा बोळा, रोज नवा. ठणका थांबला की फडात, त्यामुळे माझ्याकडे यायला हंगाम उलटला. तेलातल्या युजेनॉलने नस बधिर केलेली, शेजारची हिरडी भाजून पांढरी पडलेली. बोळा काढला तर दाढेची एक भिंत तेवढी उभी. तेल जंतुनाशक होतं हो, अस्सल होतं! वाद माझ्यापुरता तिथेच मिटला.

लवंगेशी माझं वैर नाही. झिंक ऑक्साइड-युजेनॉलचं सिमेंट मी आयुष्यभर भरलं, तो वास आवडतोही. लिस्टरिन तर १८७९ पासूनचं, त्यात थायमॉल, मेंथॉल, युकॅलिप्टॉल आहेत. त्याच्या सहा-सहा महिन्यांच्या चाचण्या माणसांच्या तोंडात झाल्या, पण त्या प्लाकवर आणि हिरड्यांच्या सुजेवर. किडीसाठी अजून आपण फ्लोराइडकडेच वळतो. हा फरक आपल्या निबंधांत कुणी पाळतं का?

तेव्हा नव्या कार्यकारिणीने एक गट नेमावा. तेलाची परीक्षा थरावर व्हावी, लाळेसह व्हावी आणि मग शाळकरी मुलांत दोनेक वर्षं. पैसा कुठला, मुलं कुठली, तेल आधी कुठलं, हे बसून ठरवता येईल. मी येईन बैठकीला, बोलावलंत तर.

आता पहिला निबंध. वाचकांनी व्यासपीठावर यावं. माझा प्रश्न आधीच सांगून ठेवतो, जंतू वाढवताना साखर किती घातली होती?