मजुरी आणि मेंदू



हातपाय लुळे पडलेला माणूस मेंदूत बसविलेल्या तारांमुळे नुसत्या विचाराने यंत्र चालवितो, याचा मला आनंदच आहे. माझी शंका निराळी. मेंदूतील विजेची स्पंदने टिपणाऱ्या, डोक्याला बांधावयाच्या पट्ट्या आता बाजारात मिळतात. त्या विचार वाचीत नाहीत. थकवा आणि लक्ष यांचा अंदाज तेवढा देतात. मुकादमाला तेवढे पुरे!

चिली देशाने २०२१ साली राज्यघटनेतच मेंदूतील माहितीला संरक्षण दिले. २०२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने माजी सिनेटर गिरार्दी यांच्या मेंदूच्या नोंदी पुसण्यास एका कंपनीला फर्माविले. पण गिरार्दींनी पट्टी आपणहून विकत घेतली होती. मजुराला ती हजेरीबरोबर मिळेल. तेथे ‘संमती’ म्हणजे चुलीसाठी केलेली सही. आठ तासांचे श्रम विकताना त्याने दाबलेली जांभई विकलेली नाही. पट्टी नाकारल्याने काम जाणार नाही, हे कलम करारात आताच हवे.