पठाण : आडनाव आणि वारसा

(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



सातारा-सांगली भागात पठाण, खान ही आडनावे गावोगाव आहेत. वर्गात विचारले, 'पठाण म्हणजे कोण?' की उत्तर येते, 'लढवय्ये!' उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे.

अफगाणिस्तान व पूर्वीच्या सरहद्द प्रांतातील पश्तो बोलणारे लोक म्हणजे पठाण. युसुफझई, आफ्रिदी, खटक अशा त्यांच्या अनेक टोळ्या. पैकी काही शिपाईगिरीसाठी दक्षिणेत उतरले. विजापूरचा सरदार बहलोलखान हा मियाना पठाण. त्याला १६७३ मध्ये जत तालुक्यातील उमराणी येथे खटावकडील भोसऱ्याच्या प्रतापराव गुजरांनी कोंडीत धरले. मोगलांचा दिलेरखानही पठाणच. त्याने १६७९ मध्ये बाणूरचा भूपाळगड घेतला. त्याच काळात तिकडे खटकांचा नायक आणि पश्तोचा थोर कवी खुशालखान हा औरंगजेबाविरुद्धच शस्त्र घेऊन उभा होता! तीन पठाण, तीन बाजू. तेव्हा त्या लढायांवरून आज कोणी आपल्या मुलांना हिणवू नये, आणि आपणही मिशीला पीळ देऊ नये.

अभिमानच बाळगायचा तर खान अब्दुल गफारखानांचा बाळगा. त्यांनी १९१० मध्ये उत्मानझई गावी शाळा काढली. १९२१ मध्ये पुन्हा आझाद शाळा उभारली आणि त्याच साली तुरुंगात गेले. १९२८ मध्ये 'पख्तून' मासिक काढले, त्यात स्त्रियांचेही लेख छापले. १९२९ मध्ये खुदाई खिदमतगार स्थापन केले. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साख्वानी बाजारात निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी आपल्या बिळाशीत जंगल सत्याग्रह झाला. १९३४ मध्ये ते वर्ध्याला गांधीजींजवळ राहिले व तेथेच त्यांना अटक झाली. १९८७ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले.

आणि आपल्या मराठीतले उदाहरण? संतसाहित्याचे अभ्यासक डॉ. यू. म. पठाण १९९० च्या पुणे साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आडनाव पठाण, हाती लेखणी!

पालकहो, आठवीत शाळा सोडून कामाला जुंपलेला मुलगा आणि सातवीनंतर घरी बसवलेली मुलगी यांच्या पदरात आडनावाचा मोठेपणा काय टाकणार? तलवारीचा जमाना गेला. मुलीचे नाव पटावरून कमी करण्याआधी एकदा शाळेत येऊन शिक्षकांना भेटा. फी, पुस्तके, प्रवास, अडचण कोणतीही असो, मिळून मार्ग काढू.

विद्यार्थी मित्रांनो, वाडवडिलांचे नाव आयते मिळते, इल्म मात्र स्वतःच कमवावे लागते.