मुलांकडे कायमचं राहायला जाताना

(सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



स्नेहमेळाव्यात विम्यावर बोलायचं म्हणजे पंगतीत काढा वाढण्यासारखं आहे. पण गेल्या वर्षभरात आपल्या ग्रुपवर ‘मुलगा बोलावतोय, विम्याचं काय करू?’ असं इतक्या जणांनी विचारलं, की एकदा सगळ्यांसमोर बोललेलं बरं. मी विमा कंपनीच्या दावे विभागात बत्तीस वर्षं काढली आणि गेली तीन वर्षं आम्ही दोघं न्यू जर्सीत लेकीकडे राहतो. ह्यांना मधुमेह आहे, हृदयात दोन स्टेंट आहेत. त्यामुळे हा प्रश्न आमच्या घरातलाही आहे.

भूमितीच्या तासाला बाई आधी ‘पक्ष’ लिहायला लावायच्या, मग ‘साध्य’. इथेही तसंच करा. पक्षात तीन गोष्टी लिहा: कोणत्या व्हिसावर जाणार, वय किती, आणि आधीपासूनचे आजार कोणते. यात व्हिसा सगळ्यात महत्त्वाचा. कोणता विमा मिळेल हे बरंचसं त्यावरच ठरतं.

एक समज आधी दूर करते. आपल्याकडे नोकरीच्या विम्यात आईवडिलांना पुष्कळदा घेतात. अमेरिकेत बहुधा घेत नाहीत. मुलाची नोकरी कितीही मोठी असली, तरी आपला विमा वेगळाच घ्यावा लागतो.

सहा महिन्यांसाठी पाहुणे म्हणून जाणाऱ्यांना प्रवास विमा मिळतो. त्याचे मुख्य प्रकार दोन. एकात प्रत्येक उपचाराची रक्कम ठरलेली असते: खोलीचे दिवसाला इतके, शस्त्रक्रियेचे इतके. वरचं सगळं आपलं. याचा हप्ता कमी, म्हणून लोक हाच घेतात. दुसरा सर्वसमावेशक. समजा, त्यात पहिले ५०० डॉलर आपले, पुढच्या ५,००० मधले २० टक्के आपले आणि नंतरचं सगळं मर्यादेपर्यंत कंपनीचं, असा करार आहे. मग २०,००० डॉलरच्या बिलात आपल्या खिशातून १,५०० जातात. हप्त्यातला फरक या आकड्याशी ताडून बघा. मात्र दोन्ही प्रकारांत जुन्या आजाराचे नेहमीचे उपचार सहसा मिळत नाहीत. काही पॉलिसी जुन्या आजाराचा अचानक उठलेला झटका तेवढा भरून देतात, आणि त्यालाही वयाची व रकमेची अट असते. हा विमा प्रवासापुरता. त्यावर संसार मांडू नये.

आता ग्रीन कार्डवर कायमचं जाणाऱ्यांबद्दल. पासष्टीनंतर तिथे मेडिकेअर हा सरकारी विमा असतो, पण आपल्यासारख्यांना तो सलग पाच वर्षं तिथे राहिल्यावरच मिळू शकतो. ज्यांनी स्वतः किंवा जोडीदाराने तिथे साधारण दहा वर्षं नोकरी करून कर भरलाय, त्यांना रुग्णालयाचा ‘भाग ए’ बिनहप्त्याचा मिळतो. मुलांनी भरलेला कर आपल्या कामी येत नाही. आपण तो विकत घ्यायचा. २०२५ चा पूर्ण दर महिना ५१८ डॉलर, आणि डॉक्टरांच्या ‘भाग बी’चे १८५. म्हणजे माणशी ७०३, दोघांचे १,४०६. औषधांचा भाग निराळा. दात, चष्मा आणि घरी किंवा वृद्धाश्रमात लागणारी दीर्घकाळची शुश्रूषा मूळ मेडिकेअरमध्ये सहसा येतच नाही.

पाच वर्षं पूर्ण होण्याच्या तीन महिने आधीपासून नाव नोंदवायला सात महिने मिळतात. ती मुदत चुकली, तर भाग बीचा हप्ता उशिराच्या दर पूर्ण वर्षामागे १० टक्क्यांनी वाढतो, आणि ही वाढ पुढे कायम राहते.

मधली पाच वर्षं कशी काढायची? सरकारी विमा बाजारातून पॉलिसी घ्यायची. २०१४ पासून तिथे जुन्या आजारामुळे विमा नाकारता येत नाही की हप्ता वाढवता येत नाही. वयामुळे मात्र तो तरुणाच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. न्यूयॉर्क आणि व्हरमाँट राज्यांत वयावरून फरक करत नाहीत. देशात राहायला आल्यावर साधारण ६० दिवसांत नोंदणी करावी लागते. नाहीतर नोव्हेंबरपासूनच्या वार्षिक नोंदणीची वाट बघायची. हप्त्याच्या आधी दोन याद्या पाहा: आपला डॉक्टर त्यांच्या जाळ्यात आहे का, आणि आपली औषधं त्यांच्या यादीत आहेत का. ह्यांच्यासाठी आम्ही दुसऱ्या यादीवरूनच पॉलिसी ठरवली.

इतर देशांत नियम निराळे. कॅनडाच्या सुपर व्हिसासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान एका वर्षाचा विमा दाखवावा लागतो. ऑस्ट्रेलियात पालकांचा कायमचा व्हिसा मिळाला, की तिथली सरकारी आरोग्यसेवा मिळते.

आता ज्यासाठी उभी राहिले ते सांगते. भारतातली पॉलिसी बंद करू नका. ‘आता तिकडेच राहायचंय, इथला हप्ता कशाला?’ असं वाटतं. पण सगळ्यांना परदेश मानवत नाही. जोडीदार गेल्यावर परतणारेही असतात. सत्तराव्या वर्षी नव्याने पॉलिसी घेतली, तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, शिवाय कंपनी आपला अर्ज नाकारूही शकते. चालू पॉलिसीचं नूतनीकरण मात्र कंपनीला केवळ दावे केले म्हणून नाकारता येत नाही. सलग पाच वर्षं झाली, की फसवणूक सोडून जुन्या माहितीवरून दावाही अडवता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटीही गेला आहे. परदेशात राहायला जातोय हे कंपनीला लेखी कळवा, आणि हप्ता बँकेतून आपोआप जाईल अशी सोय करा.

हा दुसरा हप्ता म्हणजे परतीची वाट मोकळी ठेवण्याची किंमत आहे. माझ्या सासूबाई सांगलीला आहेत, वय एक्याण्णव. ह्यांना त्यांच्याजवळ चार-सहा महिने राहावंसं वाटतं, पण भारतात लांब मुक्काम झाला, तर त्या पाच वर्षांची सलगता प्रश्नात येते. असे हिशेब रुपयांत मांडता येत नाहीत. म्हणून जाण्याआधी मुलांसमोर बसून स्पष्ट विचारा: हप्ता कोण भरणार, किती वर्षं, आणि आम्हाला परत यायचं झालं तर? विचारायला संकोच वाटतो खरा. पण रुग्णालयाच्या दारात हेच बोलायची वेळ आली, तर त्याहून जास्त वाटेल.

जेवणानंतर मी दहावी ‘ब’च्या वर्गात बसणार आहे. ज्यांना पॉलिसी दाखवायची आहे त्यांनी कागद आणि चष्मा, दोन्ही घेऊन यावं.